मशीन बंद केलं तरी हात आत घालायचा नाही

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. बर्फाच्या मुलखात तुमचा हा दुसराच हिवाळा. जुनं, दोन टप्प्यांचं स्नोब्लोअर तुमच्याकडे आलं आहे आणि ओला बर्फ पडला की त्याची बर्फ फेकणारी नळी दर दहा मिनिटांनी तुंबते. शेजारचे गृहस्थ इंजिन बंद करतात, नळीत हात घालून गोळा काढतात आणि पुढे चालू लागतात. पंधरा वर्षांत त्यांना काही झालेलं नाही. म्हणून तुम्ही विचारताय, की इंजिन बंद आहे आणि हातात जाड चामडी हातमोजे आहेत, मग हात घालायला काय हरकत आहे?

हरकत आहे, आणि मोठी आहे. मी हाताच्या शस्त्रक्रिया करतो. वीस वर्षांहून जास्त काळ अशा भागात काम करतोय जिथे मोठा बर्फ पडला की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत या मशीनने जखमी झालेला एखादा तरी हात माझ्यासमोर टेबलावर येतो. यातली बरीच माणसं 'मी मशीन बंद केलं होतं' असं सांगतात. सुरुवातीला मला वाटायचं की घाबरलेला माणूस चुकीचं सांगत असेल. मग मशीनची रचना नीट समजून घेतली आणि कळलं की यातले पुष्कळ जण खरंच बोलत होते.

म्हणून आधी रचना सांगतो. ती डोक्यात बसली की बाकीचं लक्षात ठेवावं लागत नाही. तुमच्या मशीनच्या तोंडाशी मळसूत्रासारखं आडवं पातं असतं, त्याला ऑगर म्हणतात. ते बर्फ फोडतं आणि मधोमध ओढून आणतं. त्याच्या मागे, बाहेरून सहज न दिसणारा लोखंडी पंखा असतो, तो इम्पेलर. हा पंखा बर्फ वर नळीत फेकतो. हेच ते दोन टप्पे. ऑगर डोळ्यांना दिसतो, त्याची भीती वाटते, तिथे सहसा कोणी हात घालत नाही. नळीत मात्र नुसता पांढरा गोळा दिसतो. नळी निरुपद्रवी वाटते, आणि तिच्या तळाशी पंखा असतो. हा पंखा साधारणपणे मिनिटाला हजाराच्या आसपास फेरे घेतो. त्याला तीन पाती धरली तरी एका सेकंदात पन्नासेक पाती एका जागेवरून जातात. चटका बसला की हात मागे घ्यायला आपल्याला सेकंदाचा पाचवा भाग लागतो असं धरा. तेवढ्यात दहा पाती फिरून गेलेली असतात. 'लागलं तर पटकन काढेन' या म्हणण्याला इथे काही अर्थ उरत नाही.

आता 'बंद' या शब्दाकडे येऊ. इंजिनाकडून पंख्याकडे ताकद जाते ती रबरी पट्ट्यातून. ओल्या बर्फाचा घट्ट गोळा अडकला की पंखा थांबतो, पण इंजिन ओढतच असतं, त्यामुळे पट्टा ताणला जातो. तुम्ही लिव्हर दाबलेला असतानाच किल्ली फिरवून इंजिन बंद केलंत तर तो ताण जिथल्या तिथे राहू शकतो. पंखा सुटायला बघतोय आणि त्याला फक्त बर्फाच्या गोळ्याने धरून ठेवलंय, अशी ती अवस्था. तुम्ही बोटांनी नेमका तोच गोळा उकरता. गोळा सुटतो आणि पंखा एक झटका मारतो. पुरी फेरीसुद्धा होत नाही, अर्धी-पाव फेरी होते. बोटाचं शेवटचं पेर चेंगरून तोडायला तेवढी पुरते.

माझे काही रुग्ण शब्दही तेच वापरतात, 'आवाज काही नव्हता हो, एकदम खट्ट झालं.'

दुसरी गोष्ट दोन टप्प्यांच्या मशीनमध्येच भेटते, आणि ती बऱ्याच जणांना ठाऊक नसते. हँडलवर दोन लिव्हर असतात, एक चाकांचा आणि एक ऑगर-पंख्याचा. लिव्हर सोडला की ते ते काम थांबतं. मात्र अनेक मॉडेलांत दोन्ही लिव्हर दाबले की चाकांचा लिव्हर ऑगरच्या लिव्हरला खाली धरून ठेवतो. नळीची दिशा बदलायला एक हात मोकळा मिळावा म्हणून केलेली ही सोय आहे. परिणाम असा, की तुमचा एक हात मोकळा असतो आणि पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरत असतो. नळीतून बर्फ कमी यायला लागला की तो मोकळा हात आपोआप नळीकडे जातो. विचार करून जात नाही, चष्मा घसरला की बोट वर जातं तसा जातो. तुमच्या मशीनमध्ये ही सोय आहे का, हे पहिला बर्फ पडायच्या आधी कोरड्या जमिनीवर बघून घ्या.

बॅटरीवर चालणाऱ्या मशीनचं वेगळं आहे. तुमचं तसं नाही, पण हे वाचणाऱ्या कुणाकडे असेल म्हणून लिहितो. पातं अडकलं की तिथे मोटर गप्प होते. इंजिनाची घरघर नसते, धूर नसतो. शांतता झाली म्हणजे मशीन बंद झालं असं वाटतं. बॅटरी आत आहे तोवर ते बंद झालेलं नाही. किल्ली काढा, बॅटरी बाहेर काढून ठेवा, वायरचं असेल तर प्लग उपसा आणि मगच मशीनकडे वाका.

हातमोज्यांचं उत्तर छोटं आहे, पण नीट वाचा. थंडीसाठी ते हवेतच. पंख्यापासून मात्र कुठलाही हातमोजा वाचवत नाही, चामडी नाही, दुहेरी अस्तराचा नाही. उलट जाड मोज्यामुळे बोटाला अंतर कळत नाही आणि मोज्याचं टोक बोटाच्या पुढे गेलेलं असतं. पात्याला आधी ते टोक सापडतं, आणि मग ते बोटाला ओढून नेतं. शस्त्रक्रियेत आमचा पहिला अर्धा तास कधीकधी जखमेतून मोज्याचे धागे आणि अस्तराचा कापूस वेचण्यात जातो. ढगळ बाह्या, लोंबणारे मफलर यांचंही तेच. बर्फ काढायला जाताना अंगठी घरात काढून ठेवा. सुजलेल्या बोटातून ती कापून काढावी लागते.

अपघात कधी होतो, याचा एक ठरावीक नमुना आहे. हातांच्या शल्यविशारदांची अमेरिकन संघटना तीन गोष्टी सांगते, आणि माझा अनुभव त्याला धरूनच आहे: बर्फ जड आणि ओला असतो, थर सहा इंचांहून म्हणजे साधारण पंधरा सेंटिमीटरहून जाड असतो, आणि तापमान उणे दोन सेल्सिअस किंवा त्याच्या वर असतं. कडाक्याच्या थंडीत पडलेला भुसभुशीत बर्फ नळीतून भुर्रकन उडतो, तुंबत नाही. हवा जरा सुखद असते, बर्फाचे लाडू वळता येतात, त्या दिवशी सांभाळायचं असतं. माझ्याकडून आणखी एक जागा सांगतो, घरासमोरच्या रस्त्याचं टोक. रात्री बर्फ सारणारी मोठी गाडी रस्त्यावरचा सगळा मिठाळ, दाबलेला, खडे मिसळलेला बर्फ तुमच्या फाटकाशी ढीग करून टाकते. सगळं अंगण साफ झालेलं असतं, कामाला जायची वेळ झालेली असते, हात गारठलेले असतात आणि मशीन त्या शेवटच्या ढिगाऱ्यात पाचव्यांदा तुंबतं. पहिल्यांदा तुंबलं तेव्हा तुम्ही काठी शोधून आणली होती. पाचव्यांदा काठी कुठे आहे हे आठवत नाही.

या शेवटच्या वाक्यावर मी थोडा रेंगाळणार आहे, कारण मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते हेच. माझ्याकडे येणारी माणसं अडाणी नसतात, नवशिकीही नसतात. त्यांना धोका ठाऊक असतो. मशीनवर कापलेल्या बोटांचं चित्र चिकटवलेलं असतं, ते त्यांनी शंभरदा पाहिलेलं असतं. तुमच्या शेजाऱ्यांची पंधरा वर्षं मला म्हणूनच धीर देत नाहीत. दर वेळी गोळा सुटताना पट्ट्यात ताण असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतो. प्रत्येक सुखरूप वेळ हाताला शिकवत जाते की इथे काही होत नाही, आणि हात ते पाठ करतो. म्हणून 'काळजी घ्या' हा सल्ला मी देत नाही. काळजी दमते. हात आत जायला कारणच उरू नये अशी सोय आधी करून ठेवायची.

ती सोय म्हणजे एक काठी. ऐकायला क्षुल्लक वाटेल. बऱ्याच नव्या मशीनवर प्लास्टिकचं एक दांडकं कंपनीनेच अडकवून दिलेलं असतं, जुन्यांवर ते हरवलेलं असतं. जुन्या झाडूचा लाकडी दांडा घ्या, हातभर तरी लांब. नळीच्या तोंडातून तळापर्यंत पोचला तरी मूठ बाहेर राहिली पाहिजे. तो मशीनच्या हँडललाच क्लिपमध्ये अडकवून ठेवा. गॅरेजमध्ये नको, भिंतीला टेकवून नको, दोरीने गाठ मारूनही नको, कारण गारठलेल्या बोटांनी गाठ सुटत नाही आणि मग मन म्हणतं राहू दे. दांडा लोखंडी नको. तो पोटाच्या किंवा चेहऱ्याच्या रेषेत धरू नका, एका बाजूने धरा. पंख्याने झटका मारलाच तर त्याला बाजूने निसटायला वाट राहते. आणि दांडा घालतानाही मशीन बंद हवंच. फिरत्या पंख्यात दांडा घालणाऱ्यांच्या जखमा मी पाहिल्या आहेत, तो दांडा हातातून हिसकला जाऊन मनगट मोडतं.

तुंबल्यावर करायचं काय, ते क्रमाने सांगतो, कारण इथे क्रमालाच महत्त्व आहे. आधी दोन्ही लिव्हर सोडायचे, म्हणजे पट्ट्याचा ताण सैल होतो. त्यानंतर इंजिन बंद करायचं आणि किल्ली खिशात टाकायची. मग थांबायचं. निदान पाच सेकंद असं सांगितलं जातं, मी माझ्या रुग्णांना सावकाश दहा मोजायला सांगतो. सगळं निपचित पडलंय याची डोळ्यांनी खात्री झाली की दांड्याने, आणि फक्त दांड्याने, गोळा फोडायचा. पंख्यात दगड किंवा वर्तमानपत्राची गुंडाळी अडकली असेल आणि दांड्याने निघत नसेल, तर स्पार्क प्लगची वायर काढून बाजूला करायची आणि तरीही बोटांऐवजी लांब पकड वापरायची. तेवढंही जमत नसेल तर त्या दिवशी फावड्याने काम करा आणि मशीन दुरुस्तीला द्या.

खरं तर नळी तुंबूच नये यासाठीही बरंच करता येतं. मात्र यातलं किती लागू पडेल ते तुमच्या मशीनवर आणि तुमच्याकडे पडणाऱ्या बर्फावर अवलंबून आहे. सगळा बर्फ पडून संपेपर्यंत वाट बघू नका, पंधरा सेंटिमीटर व्हायच्या आत एक फेरी मारा आणि नंतर पुन्हा मारा. ओल्या बर्फात पूर्ण रुंदीचा पट्टा घेऊ नका, अर्धा घ्या. इंजिन पूर्ण वेगात ठेवा. आवाज नको म्हणून पुष्कळ जण वेग कमी करतात, मग पंख्यात फेकायची ताकद राहत नाही आणि नळी भरते. नळीच्या आत आणि पंख्यावर सिलिकॉनचा फवारा मारा, बर्फ चिकटत नाही. फवारा अर्थातच मशीन बंद असताना. मशीन उबदार गॅरेजमधून थेट बर्फात नेऊ नका. ऊबदार पत्र्यावर बर्फ वितळतो, पाणी होऊन पुन्हा गोठतो आणि पहिला थर तिथेच जमतो. थोडा वेळ बाहेर गार होऊ द्या. काम संपल्यावर मिनिटभर रिकामंच चालवा, म्हणजे आत राहिलेला बर्फ उडून जाईल आणि रात्रीतून गोठणार नाही.

लिव्हर दाबून धरायचा कंटाळा येतो म्हणून तो तारेने किंवा पट्टीने बांधून ठेवलेली मशीनं मी ऐकली आहेत. तुमचं जुनं आहे, आधीच्या मालकाने असं काही केलंय का ते बघा आणि असेल तर आजच सोडवा. ऑगरला शिअर पिन नावाच्या मऊ धातूच्या खिळ्या असतात, दगड आला की गिअर वाचवण्यासाठी त्या मुद्दाम तुटतात. त्या जागी घरातला साधा बोल्ट ठोकू नका. मुलं आणि कुत्री घरात ठेवा. दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल तर मशीनला हात लावू नका.

इथवरचं एका दमात सांगायचं तर असं: लिव्हर सोडा, इंजिन बंद, किल्ली खिशात, दहा मोजा, दांडा वापरा. आणि हात, मोज्यासकट किंवा मोज्याशिवाय, कधीच नाही.

आता पत्नीने विचारलेला जो प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, 'झालंच काही तर बोट जोडता येतं ना?', त्याबद्दल. तुटलेला अंगठा सूक्ष्मदर्शकाखाली रक्तवाहिन्या शिवून जोडण्याची शस्त्रक्रिया जपानमध्ये कोमात्सू आणि तामाई यांनी 1965 मध्ये यशस्वी केली, आणि आज हे काम जगभर होतं. पण ते जमतं ते कापलेल्या बोटांत. बोटातली धमनी एखाद्या मिलिमीटरची. तिची दोन्ही टोकं स्वच्छ असली तर केसाहून बारीक धाग्याने शिवता येतात. स्नोब्लोअरचा पंखा कापत नाही, चेंगरतो आणि ओढतो. रक्तवाहिनी, शीर, हाड सगळं वेगवेगळ्या जागी तुटतं. तिथे शिवायला टोकच सापडत नाही. बहुतेक वेळा मी करतो ते साफसफाईचं काम असतं, म्हणजे हाड थोडं मागे कापून, जिवंत कातडी टोकावर ओढून बंद करायचं. बहुतेकदा तो रोजच्या कामाचा हात असतो आणि मधलं बोट असतं. ते सगळ्यात लांब, म्हणून आधी पोचतं. त्याच्याबरोबर शेजारची दोन असू शकतात. जखम भरल्यावरही बोट आखडतं, महिनोन्महिने व्यायाम करावे लागतात आणि थंडीत ते टोक ठणकतं, कित्येकांना वर्षानुवर्षं. थंड प्रदेशात राहणाऱ्या माणसाला हे दुखणं किती छळतं ते मी दर हिवाळ्यात ऐकतो.

तरीही सगळं गेलं असं धरून चालू नका. पहिल्या तासात नीट वागलात तर आम्हाला काहीतरी वाचवायला मिळतं. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून धरा, हात छातीच्या वर ठेवा. बोटाभोवती रबर किंवा दोरा आवळू नका. तुटलेला तुकडा शोधा. जमिनीवर दिसला नाही तर हातमोजा उलटा न करता तसाच बरोबर आणा. एकदा एका रुग्णाचं पेर मोज्याच्या बोटातच राहिलं होतं आणि तो मोजा घाईत अंगणात टाकून आले होते. तुकडा घासून धुऊ नका. सलाईनने किंवा स्वच्छ पाण्याने ओलसर केलेल्या गॉझमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. सभोवार बर्फ आहे म्हणून तुकडा त्यात खुपसायचा मोह होतो, तसं करू नका. थेट बर्फाने पेशी गोठून मरतात आणि मग जोडण्यासारखंही काही राहत नाही. जखमी माणसाला खायला-प्यायला देऊ नका, भूल द्यावी लागेल. धनुर्वाताचं शेवटचं इंजेक्शन कधी झालं होतं ते आठवून ठेवा. स्वतः गाडी चालवत येऊ नका. आणि जखम छोटी दिसली, नुसतं नख काळं पडलं किंवा टोक फुटलं असं वाटलं, तरी दाखवायला या. त्याखाली बऱ्याचदा हाड मोडलेलं असतं आणि उघड्या जखमेखालचं मोडलेलं हाड दुसऱ्या दिवसापर्यंत थांबवायचं नसतं.

शेजाऱ्यांशी वाद घालू नका, ते वयाने मोठे आहेत आणि पंधरा वर्षांचा अनुभव खोडून निघत नाही. पुढच्या वेळी त्यांचं मशीन तुंबलेलं दिसलं तर तुमचा दांडा घेऊन जा आणि त्यांच्या हातात द्या. तो त्यांच्याकडेच राहिला तरी चालेल, दुसरा करा.

आणि या शनिवार-रविवारी, बर्फ पडायच्या आधी, मोकळ्या जागेत मशीन बाहेर काढा. गॅरेजमध्ये चालवू नका, धूर विषारी असतो. पंखा चालू करा, लिव्हर सोडा आणि मशीनच्या मागे उभे राहूनच मोजा, ऑगर पूर्ण थांबायला किती सेकंद लागतात. ऑगर आणि पंखा आतून एकाच फिरत्या शाफ्टने जोडलेले असतात, ऑगर थांबला की पंखाही थांबला असं सहसा धरता येतं. शिअर पिन तुटलेली असेल तर मात्र तसं धरू नका. पाच सेकंदांहून जास्त लागत असतील तर पट्ट्याचा ब्रेक झिजलाय किंवा केबल नीट बसलेली नाही. तो दुरुस्त होईपर्यंत फावडंच वापरा. किती सेकंद आले आणि दोन्ही लिव्हर एकदम दाबल्यावर एक हात मोकळा होतो का, हे दोन्ही मला लिहून कळवा. मग तुमच्या मशीनसाठी दांडा कुठे अडकवायचा तेही सांगतो.